खडूवाल्यांचा रकाना

गुरुवारी सकाळी साडेदहाला चारशेबाईंच्या टेबलावर एक कागद आला. त्यावर त्यांनी फक्त सही करायची होती. कागद संस्थेच्या संचालकांकडून आलेला, भाषा अशी गुळगुळीत की वाचताना जीभ घसरावी. ‘मागील एकोणतीस वर्षांत “खडूवाले” या रकान्यात ज्या नोंदी आढळतात, त्या निरीक्षकाच्या नजरचुकीमुळे झाल्या असाव्यात. सबब हा रकाना अंतिम तक्त्यातून वगळण्यात येत आहे. निरीक्षकाची सहमती.’ पुढे एक रेघ. सोमवारी दुपारपर्यंत रेघेवर सही हवी, कारण तक्ता हवामानाचे अंदाज बांधणाऱ्या कुठल्याशा मोठ्या गटाकडे जायचा होता.

निरीक्षक म्हणजे चारशेबाई, दुसरं कोणी नाही. म्हणजे बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की मी एकोणतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि जे नव्हतंच ते मोजत राहिले. वर ‘सहमती’! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ती द्यायची, आणि दोर त्यालाच वळायला लावायचा.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या दिवशीचं मोजणं पुरं केलं. राग आला तरी मोजणं अर्धवट सोडायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

ही खोड कशी लागली ते सांगायला हवं. संस्था म्हणजे बंदराच्या टोकाची एक दुमजली इमारत. खाली बाटल्यांची कोठी, वर मायक्रोस्कोपांची खोली. खाऱ्या हवेने खिडक्यांच्या बिजागऱ्या इतक्या गंजलेल्या, की एक खिडकी कायमची उघडी आणि दुसरी कायमची बंद. महिन्यातून एकदा बोट समुद्रात ठरलेल्या चार जागी जाते आणि प्रत्येक जागेवरून एकेक बाटली पाणी आणते. बाटलीत आधीच थोडं आयोडिन घातलेलं असतं, त्यामुळे पाण्यातले जीव कुजत नाहीत, आहेत तसे राहतात. ते पाणी उंच नळीत एक दिवस-रात्र ठेवायचं. जीव तळाशी बसले की तळ मायक्रोस्कोपखाली घ्यायचा आणि कोणत्या जातीचे किती ते मोजायचं. निदान चारशे मोजल्याशिवाय उठायचं नाही हा नियम. एकदा इमारतीत आगीची घंटा वाजली, सगळे धावत अंगणात गेले, आणि बाई तीनशे सत्तरवर होत्या म्हणून वरच बसून राहिल्या. आग खोटी निघाली. नाव मात्र पक्कं झालं.

खरं तर त्या इथे आल्या होत्या बाटल्या धुवायला. तेविसाव्या वर्षी, नुकतं लग्न झालेलं, शिक्षण बेतास बात. दोन वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या. संस्थेचे पहिले शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे थोरले सर म्हणत, ते एकदा कोठीत आले तेव्हा ही धुतलेली बाटली उजेडात धरून उभी. म्हणाली, “सर, हिच्यात अजून काहीतरी आहे.” सरांना दिसेना. त्यांनी बाटलीचं पाणी मायक्रोस्कोपखाली घातलं, आणि खरंच होतं. मग तिलाच खुर्चीवर बसवलं.

“काय दिसतंय?”

“काचेच्या डब्या दिसतायत.”

“नुसत्या डब्या?”

“नाही, झाकणं आहेत. वरचं झाकण खालच्या भांड्यावर बसवलंय, आमच्या घरच्या डब्यांसारखं.”

सरांनी त्या दिवसापासून तिला धुण्यावरून काढलं आणि मोजणीवर बसवलं. पुढची पाच वर्षं त्यांनी तिला प्लवक शिकवले. प्लवक म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यातले बरेचसे झाडाचं काम करतात, उन्हावर जगतात, हवेतून पाण्यात उतरलेला कार्बन खातात आणि प्राणवायू सोडतात. जगातल्या सगळ्या जंगलांनी आणि शेतांनी मिळून जेवढं काम करावं, जवळपास तेवढं हे एकटे करतात. पण सगळे एका माळेचे मणी नव्हेत. सरांनी त्यांना घरगुती नावं दिली होती, तीच रकान्यांना चिकटली. काचवाले पाण्यात विरघळलेली वाळू घेऊन काचेची डबी बांधतात, जड असतात, मेले की सरळ तळ गाठतात आणि पोटातला कार्बन खाली नेतात. तो मग शेकडो वर्षं वर येत नाही. खडूवाले अंगावर खडूच्या गोल चकत्यांचं चिलखत चढवतात. त्यांचा कारभार दुहेरी. चकत्या घडवताना थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात परत सोडतात, आणि मेल्यावर त्याच चकत्यांच्या वजनाने बाकीचा गाळ ओढत तळाला नेतात. शिवाय त्यांच्यापासून एक वायू निघतो, समुद्राला जो वास येतो त्यातला एक वास तो. तो हवेत चढला की त्याचे बारीक कण होतात आणि त्या कणांना धरून ढग जमतो. खतवाले हवेतला नायट्रोजन पकडून पाण्याला खत घालतात. आणि बारके इतके बारके, की धड बुडतही नाहीत. वरच्या वर जन्मतात, वरच्या वर खाल्ले जातात, कार्बन तिथल्या तिथे फिरत राहतो.

“पाणी एकूण हिरवं किती, ते कोणीही सांगेल,” सर म्हणायचे. “तू मला कोण आहे ते सांग. दोन समुद्र सारखेच हिरवे दिसतील, पण एक कार्बन पुरतो आणि दुसरा नुसता खेळवतो.”

बाईंनी हे वाक्य कधी कुठे लिहून ठेवलं नाही. एकतीस वर्षं त्या फक्त त्यानुसार वागल्या. सर गेले, बाईंचे यजमान गेले, तीन संचालक येऊन गेले, आणि बाई ‘कोण आहे’ ते सांगत राहिल्या.

मग दोन वर्षांपूर्वी सध्याचे संचालक आले. माणूस वाईट नव्हे. हुशार, टापटिपीचा, शर्टाची बाही कधी चुरगळलेली दिसायची नाही. पण आल्या आल्या ज्याला सगळंच सरळ करायचं असतं, त्यातला. त्यांनी कोठी आवरली. तीस वर्षांच्या जुन्या बाटल्या, ज्यात समुद्राचा महिना न् महिना भरून ठेवला होता, त्या ‘जागा अडवतात’ म्हणून मोरीत ओतल्या. आणि आयोडिनचं मिश्रण, जे बाई आजवर स्वतःच्या हाताने करत, ते आता बाहेरून तयार भरलेल्या बाटल्यांतूनच येईल असं ठरवलं. बाईंनी कोठीवाल्याला विचारलं होतं, “मिश्रण तेच आहे ना?”

“अगदी तेच, बाई. रंग बघा की.”

रंग तोच होता, दाट तपकिरी. बाईंनी रंग बघितला आणि गप्प बसल्या. त्याच महिन्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवीन चष्मा नाकावर धड बसायचा होता, आणि वाद घालायची ताकद नव्हती. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा.

त्यानंतरच्या महिन्यात चारही बाटल्यांत खडूवाले शून्य. बाईंना वाटलं, ऋतू असेल. पुढच्या महिन्यात शून्य. त्याच्या पुढच्याही. वर्षभर शून्य. कारखान्यांचा आणि गाड्यांचा धूर हवेत जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड समुद्र पितो आणि हळूहळू आंबट होत जातो, आणि आंबट पाण्यात खडू टिकत नाही, हे त्या वाचून होत्या. त्यांना वाटलं, झालं, आपल्या डोळ्यांदेखत एक जात संपली. एके दिवशी स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्या रडल्या, आणि नणंदेने कारण विचारलं तर सांगायची लाज वाटली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी रडणाऱ्या बाईला जग काय म्हणेल!

त्यांनी संचालकांना तीन वेळा लेखी कळवलं. उत्तर नाही. आणि आता दोन वर्षांनी उत्तर आलं ते असं. संचालकांनी वरून उपग्रहाने मोजलेला समुद्राचा हिरवेपणा तपासला होता. तो दोन वर्षांत तसूभरही बदलला नव्हता. मग त्यांचा तर्क: एवढी मोठी जात खरोखर मेली असती तर हिरवेपणा कमी झाला असता. झाला नाही. म्हणजे ती जात मेली नाही. म्हणजे ती जात नव्हतीच.

गुरुवारी दुपारी बाई त्यांच्या खोलीत गेल्या तेव्हा संचालकांनी आवाज मऊ केला. माणूस आवाज मऊ करतो तेव्हा समजावं की आता अपमान येतोय.

“बाई, मनाला लावून घेऊ नका. पण तारखा बघा. तुमचं ऑपरेशन झालं त्याआधी तुम्हाला ते दिसायचे. ऑपरेशननंतर दिसत नाहीत. यातून काय निघतं ते मी बोलून दाखवायला हवं का?”

“मोतीबिंदू मला शेवटची दोन-तीन वर्षं होता साहेब. एकोणतीस वर्षं नव्हता.”

“सवय असते बाई. एकदा वाटलं की दिसत राहतं.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीच्या बुडाशी एक थंडगार शंका होती. खरंच असेल तर? डोळ्यातल्या धुरकट भिंगातून दिसणारी चक्रं, आणि भिंग बदलल्यावर गायब. आपण एकोणतीस वर्षं स्वतःच्या डोळ्यातला मळ मोजला असेल तर?

घरी नणंद वाट बघत होती. बाईंचे यजमान गेल्यापासून या दोघी एका छपराखाली राहतात आणि मीठ किती घालायचं यावरून रोज भांडतात. नणंद शाळेत हेडक्लार्क होती. कागदाचा वास घेऊन आतला डाव सांगणारी. तिने चष्मा चढवून पत्र दोनदा वाचलं.

“वहिनी, तू सही करणार आहेस?”

“माहीत नाही वन्सं.”

“माहीत नाही म्हणजे? अगं, ‘असाव्यात’ लिहिलंय इथे. ‘चुकीमुळे झाल्या’ नाही, ‘झाल्या असाव्यात’. त्याची स्वतःची खात्री नाही, म्हणून तुझी सही पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर तो म्हणेल, बाईंनीच कबूल केलं.”

“पण वन्सं, मला खरंच ते दिसत नाहीत हो आता.”

नणंदेने पत्र खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिने वहिनीला स्वतःच्या कामाबद्दल कच खाताना पाहिलं नव्हतं. मीठ कमी पडलं हेसुद्धा जी बाई कबूल करत नाही, ती अशी बसलेली पाहून तिचाच संताप झाला.

“तुझ्या डोळ्यांवर मला भरवसा आहे,” ती म्हणाली. “सुईत दोरा ओवायला अजून तुझ्याकडेच यावं लागतं मला. मेल्याला म्हणावं, आधी दोरा ओवून दाखव, मग बोल.”

बाई हसल्या, पण झोप काही लागली नाही.

शुक्रवार बोटीचा दिवस होता. दुपारी बोटवाला बाटल्यांची पेटी घेऊन जिना चढून आला. वीस वर्षं तो हेच काम करतोय, त्यामुळे बाईंच्या शिस्तीला पुरता घाबरून असतो.

“बाई, रागावू नका. तीनच बाटल्या आहेत. चौथी आपटली, फुटली. लाट आडवी आली.”

“आणि चौथ्या जागेचं पाणी?”

त्याने पाठीमागे लपवलेला चहाचा थर्मास पुढे केला. “यात आणलंय. चहा ओतून टाकला, समुद्राच्या पाण्याने तीनदा विसळला, मगच भरला. महिना बुडाला तर तुम्ही मला बोटीवर राहू देणार नाही, म्हटलं.”

दुसरा कोणी असता तर हा नमुना फेकून द्या म्हणाला असता. आयोडिन नाही, बाटली नाही, नियमात बसत नाही. पण बाईंना महिना बुडालेला खपत नसे. तयार बाटल्या आल्यापासून वेगळं आयोडिनच खोलीत नव्हतं, म्हणून थर्मासमधलं कच्चं पाणी त्यांनी तसंच्या तसं नळीत ओतलं आणि तळाशी बसायला ठेवलं.

शनिवारी सुट्टी होती, तरी बाई आल्या. इमारतीत पहारेकऱ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी नळीचा तळ मायक्रोस्कोपखाली घेतला, डोळा लावला. काही जीव अजून जिवंत होते, वळवळत होते. काचेच्या डब्या होत्या. आणि मधे मधे, छोट्या गाडीच्या चाकांचे गोळे केल्यासारखे, ते होते. एक, दोन, पाच, अकरा.

बाईंनी लगेच विश्वास ठेवला नाही. हाच माणसात आणि संचालकात फरक. त्यांनी खणातून दोन काळसर फिल्टर काढले, जे दोन वर्षांत कामाला आले नव्हते. एक उजेडाखाली लावायचा, एक वर, आणि वरचा फिरवायचा. फिरवता फिरवता सगळं काळं होत जातं, काच विझते, बारके विझतात, आणि त्या अंधारात फक्त खडू चमकतो, प्रत्येक चकतीवर एक काळी फुली घेऊन. डोळ्यातला मळ असा चमकत नाही. बाईंनी फिल्टर फिरवला आणि काळ्याभोर वर्तुळात एकेक करत ते पेटले.

“आहेत की,” त्या मोठ्याने म्हणाल्या. रिकाम्या खोलीत तो आवाज त्यांनाच दचकवून गेला.

मग त्यांनी कोठीतून एक तयार बाटली आणली. झाकण उघडून नाकाजवळ धरली. आंबूस वास आला. नवीन नियमाप्रमाणे बाटल्या हवा ओढणाऱ्या कपाटातच उघडायच्या, त्यामुळे दोन वर्षांत हा वास नाकापर्यंत पोचलाच नव्हता. बाटलीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आम्लयुक्त. थोरले सर आयोडिनमध्ये मोजून एक पांढरं मीठ घालायला लावत, ते याचसाठी, मिश्रण आंबट राहू नये म्हणून. बाईंना ते पाठ होतं. पाठ असून त्यांनी नुसता रंग बघितला होता.

त्यांनी तळातलं निम्मं पाणी बाजूला राखून ठेवलं, उरलेल्यात त्या बाटलीतला एक थेंब सोडला आणि डोळा लावून बसल्या. पाच मिनिटं लागली नाहीत. चकत्यांच्या कडा आधी मऊ झाल्या, मग पातळ, आणि एकेक दिवा गेला. फिल्टर काढून बघितलं तर चिलखत विरघळून गेलेले नागडे गोल गोळे पडले होते. त्यांची ओळख पटवायला आता काहीच उरलं नव्हतं. असे गोळे बाई गेली दोन वर्षं मोजत होत्या. त्यांच्यासाठी एक रकाना होता: ‘इतर गोल’.

बाईंनी वही उघडली. दोन वर्षांपूर्वी ज्या महिन्यात खडूवाले शून्य झाले, त्याच महिन्यात ‘इतर गोल’ जवळजवळ तेवढ्यानेच वाढले होते. प्रत्येक महिन्यात, प्रत्येक जागी. समुद्रात ते होतेच, म्हणून उपग्रहाचा हिरवेपणा कमी झाला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. त्या स्वतःवर इतक्या चिडल्या, की संचालकांवर चिडायला अर्धा तास उशीर झाला. मग मात्र यथास्थित चिडल्या.

सोमवारी दहा वाजता त्या संचालकांच्या दारात उभ्या होत्या.

“सही झाली का बाई?”

“वर या.”

“मी मीटिंगमध्ये...”

“साहेब, एकतीस वर्षांत मी कुठल्याही संचालकाला वर बोलावलेलं नाही. आज बोलावतेय. या.”

संचालक आले. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यांना डोळा कुठे लावायचा ते पटकन जमेना. बाईंनी खुर्चीची उंची बदलून दिली. राखून ठेवलेल्या पाण्यातल्या फुल्या काळ्या वर्तुळात चमकत होत्या.

“हे... हे काय आहे?”

“जे नव्हतेच ते.”

संचालक बराच वेळ बघत राहिले. माणूस शास्त्रज्ञच होता शेवटी, फक्त विसरला होता. मग बाईंनी तयार बाटलीतला थेंब सोडला आणि त्यांना डोळा हलवू दिला नाही. “बघा,” त्या म्हणाल्या, “बघत राहा. ही तुमची सुधारणा.” दिवे विझले. शेवटचा विझेपर्यंत त्यांनी त्यांना उठू दिलं नाही. मग ‘इतर गोल’ची वही पुढ्यात टाकली, आणि वहीवर बाटली ठेवली, पाठ वर करून.

संचालकांनी ते बारीक अक्षर वाचलं. कान लाल झाले. रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“या बाटल्यांच्या खरेदीवर माझी मंजुरीची सही आहे,” ते म्हणाले.

“आहे. आणि मी एकदा विचारून गप्प बसले, तेही आहे. पण मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला साहेब. तुम्हीही माझ्याच डोळ्यांवर घेतला. बाटलीवर कोणी घेतला नाही.”

त्यांनी पर्समधला कागद काढला. संचालकांनी तो हातातून घेतला आणि त्यांच्यासमोर फाडला. “माफ करा बाई. तुमचा रकाना राहील. एकोणतीस वर्षं जशीच्या तशी.”

गोष्ट इथे संपली असती तर बाई घरी जाऊन नणंदेला गोड काहीतरी करून खाऊ घालत्या. पण संचालक खाली आपल्या कॉम्प्युटरपाशी बसले, बाई शेजारी उभ्या राहिल्या, आणि पडद्यावर तक्ता उघडला. खडूवाल्यांचा रकाना. एकोणतीस वर्षं आकडे, आणि शेवटी चोवीस महिने, चार जागा, शहाण्णव शून्यं.

“यांचं काय?” बाई म्हणाल्या.

“खाली तळटीप देऊ. परिरक्षकात, म्हणजे आयोडिनच्या मिश्रणात, फरक होता म्हणून.”

“शून्य काढा.”

“बाई, तळटीप दिली की...”

“तळटीप कोण वाचतं? मी बाटलीमागचं वाचलं नाही, तुम्ही वाचलं नाही. हे जे हवामानाचा अंदाज बांधणारे आहेत, ते आकडा घेतील आणि पुढे जातील. ते म्हणतील, या समुद्रात अमुक साली खडूवाले मेले. मग तळाला कार्बन किती गेला ते चुकेल, ढग किती ते चुकेल. पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज या शून्यांवर उभा राहील. शून्य म्हणजे आम्ही पाहिलं आणि कोणी नव्हतं. आम्ही पाहिलं का?”

“मग सरासरी भरू. आधीच्या एकोणतीस वर्षांची. रिकामी जागा बरी दिसत नाही.”

तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतली माणसं टाइप करायची थांबली.

“बरी दिसत नाही? साहेब, ती दोन वर्षं समुद्राची होती! कदाचित खडूवाले दुप्पट झाले असतील. कदाचित खरंच निम्मे मेले असतील, पाणी आंबट होतंय ते काही खोटं नाही. नेमक्या त्याच दोन वर्षांत काही घडलं असेल, आणि ते आता कोणाला कधी कळणार नाही. मलासुद्धा नाही. तुम्ही माझी माफी मागितलीत, मी घेतली. माझं काय, मी आज आहे उद्या नाही. पण ते शहाण्णव बाटल्यांचं पाणी तुम्ही कुठून परत आणणार? आणि वर त्या भोकाला रंग लावून ते बुजवायचं म्हणता!”

संचालकांनी पहिल्या शून्यावर बोट ठेवलं आणि ते पुसलं. सगळी एकदम पुसायची सोय त्या यंत्रात होती, पण बाई मागे उभ्या होत्या आणि त्यांनी ती वापरली नाही. एकेक करत शहाण्णव वेळा पुसलं. त्याला बराच वेळ लागला.

पुसून झाल्यावर यंत्राने प्रश्न विचारला: जागा रिकामी असण्याचं कारण? खाली तयार पर्याय होते. खराब हवामान. उपकरणातील बिघाड. नमुना मिळाला नाही. इतर.

“‘उपकरणातील बिघाड’ चालेल?” संचालकांनी हळूच विचारलं.

“कुठलं उपकरण बिघडलं होतं?”

संचालकांनी ‘इतर’ निवडलं आणि खुर्ची सोडून बाजूला झाले. बाई बसल्या. त्यांना टाइप करायची सवय नव्हती, एका बोटाने अक्षर शोधून शोधून त्यांनी लिहिलं: ‘नमुने होते. त्यात खडूवाले होते. आम्ही बाटलीत आम्ल घातलं, त्यामुळे मोजण्याआधीच त्यांचा खडू विरघळला. किती होते ते आता कळणार नाही.’

तक्ता त्या वाक्यांसकट गेला. हवामानवाल्या गटाकडून पुढे दोनदा विनंती आली, की मजकूर जरा तांत्रिक आणि सौम्य करून मिळेल का. दोन्ही वेळा संचालकांनी ती बाईंकडे पाठवली, आणि दोन्ही वेळा बाईंनी कळवलं, की यापेक्षा सौम्य असं काही घडलेलं नाही.